कासला न्यायचा पहिला डीएसएलआर: कॅननचा २००डी मार्क २ की निकॉनचा डी३५००?

साताऱ्यात राहून कॅमेरा घेताय म्हणजे तो कास, ठोसेघर, सज्जनगड आणि जमलंच तर वासोट्याला जाणार, हे धरूनच चालू. हलका आणि नवशिक्याला झेपेल असा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) शोधायला लागलात की फिरून फिरून याच दोन नावांवर याल. कॅननचा १५००डी स्वस्त मिळतो खरा, पण ४७५ ग्रॅमचा असून स्क्रीन मागे पक्की बसवलेली. प्रवासासाठी मी तो सुचवणार नाही.

वजन सगळे आधी विचारतात. बॅटरी आणि कार्डासकट निकॉन ४१५ ग्रॅम, कॅनन ४४९. दोघांच्या सोबत येणाऱ्या १८-५५ लेन्स दोनशे ग्रॅमच्या आसपास. राहिला ३४ ग्रॅमचा फरक. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना पाणी दोन घोट कमी न्या, हिशोब मिटला. दोन्हींचे सेन्सर २४ मेगापिक्सेलचे, वेग सेकंदाला पाच फोटो. भर उजेडात काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा, हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही.

खरी गोम स्क्रीनमध्ये आहे. सप्टेंबरात कासला सीतेची आसवं फुलतात ती जेमतेम घोट्याएवढ्या उंचीवर, ओल्या कातळावर. वाट सोडून आत जायचं नाही (जाऊही नये, पायाखाली फुलंच येतात), त्यामुळे कडेलाच उकिडवं बसायचं. कॅननची स्क्रीन बाहेर काढून वर वळवता येते. कॅमेरा जमिनीलगत धरा, फुलावर बोट टेकवा, फोकस झटकन बसतो. निकॉनची स्क्रीन ना वळत, ना बोटाला दाद देत. स्क्रीनवर बघून फोकस करायला तो वेळही घेतो. तिथं एक तर चिखलात आडवं व्हा, नाहीतर अंदाजानं फोटो काढा.

बॅटरीत मात्र निकॉन कॅननला पाणी पाजतो. स्क्रीनऐवजी वरच्या खिडकीला (व्ह्यूफाइंडर) डोळा लावून काढाल तर कंपनीच्या आकड्यांनुसार निकॉन १५५० फोटो देतो, कॅनन १०७०. आणि ज्या स्क्रीनचं मी एवढं कौतुक केलं, तीच वापरत राहिलात तर कॅनन ३२० च्या आसपास मान टाकतो. वासोट्यासाठी बामणोलीत तंबूत मुक्काम असेल, तर कॅननवाल्यानं जादा बॅटरी घेतलीच पाहिजे. ती किंमत आधीच धरा.

घरच्या बारशा-डोहाळेजेवणालाही हाच कॅमेरा निघणार असेल तर एक खोड माहीत असू द्या. २००डी मार्क २ च्या फ्लॅशच्या खाचेत मधला पॉइंट नाही, त्यामुळे साधे स्वस्त फ्लॅश उडतच नाहीत. निकॉनला ही अडचण नाही. उलट निकॉनच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. काकांची जुनी एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) लावलीत तर फोकस हातानंच फिरवावा लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स घ्या, त्यांच्यात मोटर असते. मोबाइलवर फोटो घ्यायला कॅननमध्ये वायफाय आहे, निकॉनमध्ये नुसतं ब्लूटूथ. व्हिडिओ करणार असाल तर प्रश्नच नाही, बाहेरचा माइक फक्त कॅननला लागतो. त्याच्या फोर-के वर (जास्त बारकावे टिपणाऱ्या व्हिडिओवर) मात्र भाळू नका: चौकट आखडते आणि फोकसही मंदावतो.

ठोसेघर धबधब्याच्या तुषारांपुढे दोघंही सारखेच लेचेपेचे. पाण्यापासून संरक्षण कोणालाच नाही.

माझं मत कॅननला. निकॉन त्यांनी घ्यावा, ज्यांना डोळा लावूनच फोटो काढायचेत आणि चांगला वापरलेला पीस मिळतोय. डी३५०० चं उत्पादन थांबलंय, म्हणजे बहुतेकदा जुनाच घ्यावा लागेल. शटर किती वेळा पडलंय ते निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेलं असतं, एक ताजा फोटो काढून घरी तपासता येतं. कॅननच्या फाइलमध्ये ती नोंद नसते. आणि कुठलाही जुना घ्या, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघाच. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तशी दिसली तर किंमत न विचारता परत द्या.