सिओना की हालोसिंथिया? ॲसिडियनचं भ्रूण निवडताना

शाळेच्या पुस्तकात हर्डमानिया नावाचा पिशवीसारखा समुद्री प्राणी एका ओळीत येऊन जातो. त्याच्या भाऊबंदांना, म्हणजे ॲसिडियनना, प्रयोगशाळेत मात्र मोठा मान आहे. त्यांच्या भ्रूणात पेशींची विभाजनं ठरलेल्या क्रमानेच होतात. साधारण 110 पेशी झाल्या की भ्रूण आत वळू लागतं आणि तोवर बहुतेक पेशींचं पुढे काय होणार हे ठरून गेलेलं असतं. हे नेमकं कसं ठरतं यावर काम करायचं, तर निवड मुख्यतः दोघांत आहे: जपान-कोरियाच्या किनाऱ्यावरचा हालोसिंथिया रोरेट्झी आणि बंदरांच्या धक्क्यांना चिकटून वाढणारा सिओना.

आईने अंड्यात काय ठेवलंय ते शोधायचंय, की पेशी शेजारणीला काय सांगते ते? हे आधी ठरवा.

पहिल्या प्रश्नाला हालोसिंथिया. त्याच्या अंड्याचा व्यास सुमारे 0.28 मिमी, सिओनाच्या दुप्पट, म्हणजे घनफळ आठपट. त्यामुळे अंड्याचा तुकडा कापून दुसऱ्या पेशीला जोडण्यासारखी कारागिरी जमते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ कॉंक्लिनने 1905 मध्ये स्टायला या दुसऱ्या ॲसिडियनच्या अंड्यातला पिवळा पट्टा शेपटीच्या स्नायूंत उतरताना पाहिला होता. त्या भागात स्नायू घडवणारं नेमकं काय असतं, याचं उत्तर यायला 2001 उजाडलं. निशिदा आणि सावादा या जपानी संशोधकांनी हालोसिंथियात माचो-1 हा आईकडून आलेला आरएनए दाखवला. तो निकामी केला की मुख्य स्नायुपेशी बनत नाहीत, भलत्या पेशीत टोचला की तिथेही स्नायू उगवतो. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

अडचण हंगामाची. हा प्राणी थंडीत अंडी घालतो. तो हंगाम हुकला की वर्ष गेलं. पिढ्यान् पिढ्या वाढवून जनुकशास्त्र करण्याचा विचार तर सोडूनच द्या. जपानमध्ये ‘होया’ म्हणून तो ताटात मात्र हमखास भेटेल.

शेजारणीच्या प्रश्नाला सिओना. त्याचा जीनोम 2002 मध्येच वाचला गेला. विजेच्या झटक्याने शेकडो फलित अंड्यांत एकाच वेळी डीएनए घालता येतो आणि 18 अंश तापमानाला सुमारे 18 तासांत पोहणारा डिंभ (अळीसारखं पिल्लू) बाहेर पडतो. सकाळी फलन, दुसऱ्या दिवशी निकाल. डिंभाच्या पृष्ठरज्जूत, म्हणजे शेपटीला आधार देणाऱ्या दांड्यात, अवघ्या 40 पेशी असतात, त्यामुळे एखादी चुकली तरी मोजताना कळतं. यातल्या मुख्य 32 पेशींच्या पूर्वजांना 32-पेशी टप्प्यावर शेजारच्या पेशींकडून एफजीएफ या प्रथिनाचा इशारा मिळतो, 64-पेशी टप्प्याला त्यांच्यात पृष्ठरज्जू घडवणारं ब्रॅकियुरी जनुक जागं होतं. गंमत म्हणजे हा इशारा लागतो हे आधी हालोसिंथियातच कळलं होतं, पण जनुकांचं पूर्ण जाळं उलगडलं ते सिओनाने. एक किरकोळ पण रडवणारी गोष्ट: कवच काढलेली भ्रूणं प्लास्टिकला चिकटून फाटतात, ताटलीत आधी आगरचा थर द्या.

एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला डोळे झाकून लावू नका. वंशावळ जवळपास सारखी दिसते, पण शेपटीच्या स्नायुपेशी हालोसिंथियात 42, सिओनात 36. मुख्य 28 दोन्हीकडे सारख्याच, फरक उरलेल्यांत. पृष्ठरज्जूच्या टोकाच्या 8 पेशींनाही सिओनात नोडल हे इशारा देणारं प्रथिन लागतं, हालोसिंथियात बीएमपी हे दुसरं.

दोन वर्षांच्या प्रकल्पाला मी सिओनाच सुचवेन. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत भ्रूण बघत बसण्याचंच वेड असेल, तर युरोपच्या किनाऱ्यावरचा फॅलुसिया मॅमिलाटा हा तिसरा ॲसिडियन पाहा. अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. 2020 मध्ये त्याच्यावरच दिसलं की, शेजारणीशी अंग किती भिडलंय यावरही पेशीला मिळणाऱ्या इशाऱ्याचा जोर ठरतो.