वाफ्यात पुरलेली मडकी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भाजलेल्या मातीचं साधं मडकं मानेपर्यंत वाफ्यात पुरायचं, पाण्याने भरायचं आणि झाकून ठेवायचं, एवढीच ही पद्धत. ती पाणी वाचवते असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण थंडीच्या सुरुवातीपासून भर उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर तिचा मोठा गुण वेगळाच वाटतो: मुळांपाशी ओल दिवसरात्र एकसारखी राहते. झारीने पाणी दिलं की सकाळी चिखल आणि दुसऱ्या दुपारी भेगा. मडक्याशेजारी चार बोटं उकरून बघितलं तर माती कायम वाफशावर असते. मुठीत दाबली की गोळा होतो, अंगठ्याने ढकलला की फुटतो. कोरड्या, तापलेल्या हवेत ही ओल रोज हाताला लागणं यात फार मोठं समाधान आहे.

मडक्याची भिंत सच्छिद्र असते. बाहेरची माती सुकली की ती भिंतीतून पाणी ओढते. माती ओली असली की ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. झाडाची गरज वाढली की मडकं लवकर रिकामं होतं, कमी झाली की टिकतं. यात ना टायमर ना झडप. पण हे सगळं मडकं बरोबर निवडलं आणि बरोबर पुरलं तरच, आणि बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथेच.

निवडताना आधी बोटाच्या पेराने टकटक करून बघा. खणखणीत आवाज आला तर अखंड, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. रंग, लाख किंवा चकाकी असलेलं मडकं घेऊ नका, ते पाझरतच नाही. मग ते काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर ठेवा. तासाभरात बाहेरचा रंग गडद होऊ लागला पाहिजे आणि सकाळपर्यंत सगळं पोट दमट लागलं पाहिजे. पाणी ओघळून खाली थारोळं झालं तर ते मडकं बाद. सकाळीही बाहेरून कोरडं असेल तर ते जास्त भाजलंय, तेही उपयोगाचं नाही. वाफ्यासाठी 5 ते 8 लिटरचं, अरुंद तोंडाचं मडकं सोयीचं पडतं.

पुरण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या 3-4 सेंटीमीटर मानेला आणि काठाला बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्या. हे टाळलं तर पाणी मानेतून वर चढून हवेत उडून जातं. रंग पूर्ण वाळला की मडकं रात्रभर पाण्यात भिजवा.

खड्डा मडक्याच्या दुप्पट रुंद घ्या आणि खोली इतकी की मान वर राहील. निघालेल्या मातीतले दगडगोटे, ढेकळं काढून टाका, आणि दोन भाग मातीत एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. आता सगळ्यात महत्त्वाचं: माती चार-पाच थरांत भरा, प्रत्येक थर ओला करा आणि हाताने मडक्याच्या पोटाला घट्ट दाबा. माती आणि भिंत यांच्यात पोकळी राहिली की तिथे पाण्याची साखळी तुटते. मडकं भरलेलं आणि शेजारची झाडं सुकलेली, ही तक्रार जवळजवळ नेहमी या पोकळीमुळे असते. भारी चिकणमातीत हा धोका जास्त, कारण ती सुकताना आक्रसते आणि मडक्यापासून सुटते. तिथे खताचं प्रमाण वाढवून निम्म्यापर्यंत न्या. रेताड जमिनीत ओल फार लांब जात नाही, जेमतेम वीत-दीड वीत. पोयट्याच्या मातीत ती मडक्यापासून 25-30 सेंटीमीटरपर्यंत पोचते, म्हणून दोन मडक्यांत 60 सेंटीमीटर अंतर पुरतं.

पुरून झालं की वाफ्याला वरून एकदा भरपूर पाणी द्या. तरीही पहिले दोन-तीन दिवस मडकं भराभर रिकामं होतं. ते फुटलंय असं समजून उकरू नका, आजूबाजूची कोरडी माती पाणी पीत असते. नंतर लय बसते. 7 लिटरचं मडकं आणि भोवती चार मिरच्या, असा हिशोब धरला तर थंडीत पाच-सहा दिवसांनी भरावं लागतं, कडक उन्हात दोन-अडीच दिवसांनी. निम्म्याखाली जाऊ देऊ नका. पाणी असेल तेवढीच भिंत पाझरते, त्यामुळे वरच्या थरातली मुळं आधी उपाशी राहतात. बांबूच्या काडीवर खुणा करून ठेवल्या की पातळी क्षणात कळते. काही दिवसांनी काडीही लागत नाही, भरताना पाण्याचा आवाज बारीक होत वर चढतो त्यावरूनच अंदाज येतो.

झाकण घट्टच हवं. फटीतून डास आत जातात आणि आठवड्याभरात अळ्या वळवळताना दिसतात. उथळ मातीची ताटली उपडी ठेवून वर दगड ठेवला की काम होतं.

रोपं मडक्याच्या पोटापासून 10-15 सेंटीमीटरवर लावा. बियाणं थेट पेरत असाल तर उगवून मूळ खाली जाईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा दिवस, वरून पाणी द्यावंच लागतं. कारण वरचा थर कोरडाच राहतो. याच कोरडेपणामुळे तण फार कमी उगवतं, हा मोठा फायदा. वर 5-7 सेंटीमीटर वाळक्या पानांचं आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकू देऊ नका.

काकडी, दुधी, दोडका अशा वेलांना ही पद्धत सर्वात मानवते. काकडी पाण्याच्या ताणाने कडू होते, तो ताणच इथे पडत नाही. टोमॅटोचं बूड काळं पडण्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कमीजास्त होणं आणि त्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम न पोचणं. तेही इथे बरंच कमी होतं. कोथिंबीर, मेथी यांना मात्र एवढा उपयोग नाही. मुळं उथळ आणि पेरणी दाट, त्यांना झारीच बरी. लिंबासारख्या झाडाशेजारी मडकं कायमचं ठेवू नका, मुळं जाड झाली की फोडतात. पहिलं-दुसरं वर्ष रोप जगवायला उत्तम, मग काढून घ्या.

उन्हाचा मारा मात्र मडकं थांबवत नाही. दिवसा पारा 35 अंशांच्या वर राहिला आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोची फुलं गळतातच, मुळाशी कितीही ओल असो. त्याला 50 टक्क्यांचं शेडनेट लागतं. भर दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ताठ झाली तर तो उन्हाचा परिणाम. सकाळी सहालाही मान टाकलेली असेल तर ओल तपासा.

जड पाण्याच्या ठिकाणी खरी डोकेदुखी क्षारांची. तीन-चार महिन्यांत पाझर मंदावतो, मानेवर पांढरा थर दिसतो. ओल जिथे संपते तिथेही क्षार साचतात, म्हणून महिन्यातून एकदा सगळा वाफा वरून भरपूर भिजवून ते खाली ढकलावेत. मडक्यात जीवामृत, शेणाचं पाणी किंवा विरघळणारी खतं कधीच घालू नका, छिद्रं बुजतात. खत मातीतच द्या.

कुंडीसाठी हाच प्रकार लहान करता येतो. 14-15 इंची कुंडीत मधोमध 4-5 इंची मातीची छोटी कुंडी पुरा. तिच्या बुडाचं भोक आधी सिलिकॉनने बुजवून चोवीस तास वाळू द्या. पृष्ठभाग पूर्ण कोरडा नसेल तर सिलिकॉन सुटतं आणि पाणी तासाभरात निघून जातं. वर ताटली झाका. एवढ्याशा कुंडीत पाणी कमी मावतं, त्यामुळे कडक उन्हात रोज भरणं चुकत नाही. गावाला जाताना हिच्यावर विसंबू नका.

हंगाम संपला की मडकं ओढून काढू नका, भोवतीची माती सैल करून अलगद उचला. पोटाला पांढऱ्या मुळीची जाळी चिकटलेली असते, लोकरीच्या कापडासारखी दाट, आणि मधे एखादं गांडूळही सापडतं. ती सोलली की खाली ओला, गार मातीचा रंग दिसतो. काथ्याच्या ब्रशने घासा, साबण लावू नका. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी यात रात्रभर बुडवून ठेवा, दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि परत फरशीवरची चाचणी घ्या. सकाळपर्यंत दमटलं तर ते पुढच्या वाफ्यात, नाहीतर फोडून त्याच्या खापऱ्या कुंड्यांच्या तळाच्या भोकांवर.