बॅकअप सर्व्हर भाड्याने घेताय? स्पीड बिटमध्ये लिहिलाय की बाइटमध्ये ते आधी बघा

आमची सरळ फसवणूक झालीये आणि अजून कोणाची होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्हाला व्हिडिओ फुटेजचा बॅकअप बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचा होता, साधारण २ टीबी डेटा, म्हणजे २० लाख मेगाबाइट. सेल्सवाल्याला फोनवर स्पष्ट विचारलं, सेकंदाला किती मेगाबाइट जातील? तो म्हणाला शंभर, अगदी आरामात. म्हणजे २० हजार सेकंद, साडेपाच तासांत काम खल्लास, रात्री लावलं की सकाळी तयार. डेमोपण दिला, त्याचीच १ जीबीची फाइल आमच्या मशीनवरून पाठवली आणि कॉपीच्या विंडोत खरंच शंभरच्या आसपास आकडा दिसला. पैसे भरले.

मग खरं फुटेज टाकायला घेतलं तर आकडा ११ च्या वर जाईचना. आधी वाटलं आपल्याच नेटवर्कमध्ये काही गडबड असेल, केबल बदलली, दुसऱ्या मशीनवरून पाहिलं, तेच. सपोर्टला फोन केला तर उत्तर काय, तर "मॅडम, कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो आणि आम्ही १००० ने, म्हणून कमी दिसतं." हे वाक्य नीट लक्षात ठेवा कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच माणूस गप्प बसतो.

१००० आणि १०२४ चा फरक आहे, नाही कोण म्हणतंय. किलो, मेगा, गिगा मोजताना कोणी प्रत्येक पायरीला १००० ने गुणतं, कोणी १०२४ ने. १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ च्या मोजणीसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावंही दिली. पण विंडोज आजही मेबीबाइट मोजून वर एमबीच लिहितं. १ मेबीबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट, म्हणजे मेगाबाइटपेक्षा जेमतेम पाच टक्के जास्त. गिगाला गेलात तर सव्वासात टक्के. म्हणजे खरोखर शंभर मेगाबाइट येत असते तर विंडोत ९५ दिसले असते. शंभराचे अकरा १०२४ मुळे होत नाहीत, कधीच नाही! एवढी घसरण दिसली की समजायचं बिट आणि बाइटची अदलाबदल केलीये, कारण ८ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे १२.५ मेगाबाइट, विंडोजच्या हिशोबात ११.९, त्यातून पॅकेटच्या हेडरचा (डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीचा) वाटा गेला की उरतात अकरा आणि वर काहीतरी. आम्हाला दिसत होतं तंतोतंत तेच. साडेपाच तासांचं काम साडेचव्वेचाळीस तासांवर, तेही सगळं सुरळीत चाललं तर.

करारात पाहिलं तर आकड्यापुढे छोटा बी, म्हणजे बिट. फोनवर मेगाबाइट आणि कागदावर मेगाबिट, याला चूक नाही म्हणत.

आणि डेमोतली ती फाइल. ती आमच्याकडेच राहिली होती, उघडली तर आत नुसते शून्य. झिप केली तर १ जीबीची जवळपास १ एमबी झाली. त्यांचं सॉफ्टवेअर पाठवताना कॉम्प्रेस करतं, म्हणजे दाबून लहान करतं, त्यामुळे लाइनवरून प्रत्यक्षात जवळजवळ काहीच जात नव्हतं आणि स्क्रीनवर शंभर दिसत होते. व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेला असतो, तो अजून दाबला जात नाही. याचा मला जास्त राग आहे, कारण आकड्याचा घोळ एकवेळ सेल्सवाल्याचं अज्ञान म्हणून सोडता येईल, पण अशी फाइल कोणीतरी मुद्दाम बनवून ठेवलेली असते.

तक्रार केल्यावर "करार वाचायचा होता" म्हणाले आणि १ गिगाबिटचा प्लॅन पुढे केला, अर्थात जादा पैसे घेऊन. आम्ही घेतला नाही, परताव्यासाठी भांडतोय.

तुम्ही घेणार असाल तर टेस्टला स्वतःची व्हिडिओ फाइल वापरा, प्रॉपर्टीजमधून तिचे नेमके बाइट बघा, घड्याळ लावा आणि बाइटना सेकंदांनी भागा, विंडोतल्या आकड्यावर जाऊ नका. करारात "मेगाबाइट प्रति सेकंद" असं पूर्ण अक्षरात लिहून मागा, नुसतं एमबी नको. १ गिगाबिट सांगत असतील तर विंडोत ११० च्या थोडं वर दिसायला हवं, तेवढं आलं तर लाइन बरोबर आहे.