यूव्हर्जनचं मराठी बायबल: ‘आजचं वचन’ सोडून बाकी सगळं चांगलं

घरात आजारपण आलं, नोकरी गेली, की मंडळीतलं कुणीतरी फोनवर एक वचन धाडतं. मागे सूर्योदय, वर दोन ओळी. यूव्हर्जनचं ॲप २००८ पासून आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि मराठीत एकाहून जास्त भाषांतरं हाताशी देतं. तक्रार फक्त त्याच्या दर्शनी भागाबद्दल, म्हणजे रोज समोर येणाऱ्या ‘आजचं वचन’ या एका सुट्या वचनाबद्दल. संकटात टिकणारा विश्वास सुट्या वचनांवर पोसला जात नाही.

यिर्मया २९:११ घ्या. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे एवढंच वाचलं की येत्या महिन्यात सगळं सुरळीत होणार असं वाटतं. वरचंच १० वं वचन सत्तर वर्षं थांबायचं सांगतं. हा मजकूर म्हणजे यिर्मयाचं बाबेलला धरून नेलेल्यांना पत्र आहे, आणि ५ व्या वचनात त्यांना तिथेच घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय.

ईयोब ८:७ ची गत याहून वाईट. आरंभ लहान असला तरी शेवट भरभराटीचा होईल, हे वचन दुकानांच्या उद्घाटनाला हमखास निघतं. बोलणारा ईयोबाचा मित्र बिल्दद. तीनच वचनं आधी, ८:४ मध्ये, हाच गृहस्थ मुलं गमावलेल्या ईयोबाला सुचवतो की ती आपल्या पापामुळे गेली असतील. शेवटी ४२:७ मध्ये देव अलीफजाला आणि त्याच्या दोघा मित्रांना (बिल्दद त्यांतलाच) खडसावतो: तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

तेव्हा ॲप उघडलं की सरळ बायबलच्या पानावर जायचं आणि अख्खा अध्याय वाचायचा. ईयोबाचे अध्याय ४२. रोज एक धरला तर सहा आठवडे. पहिले दोन वाचून थेट शेवटच्यावर उडी मारली तर मधली सगळी घालमेल हुकते, आणि तीच तर कामाची असते. सोबत रोज एक विलापाचं स्तोत्र: १३, २२, ७७, ८८. स्तोत्र ४२ वाचताना ४३ जोडून वाचा. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हे पालुपद दोन्हींत येतं, मुळात ते एकच गीत असावं. ८८ अंधारातच संपतं. तिथे घाईने दुसरं, आनंदाचं स्तोत्र उघडू नका. त्या दिवशीची प्रार्थना तेवढीच.

दुसरी जमेची बाजू म्हणजे भाषांतरं ताडून पाहण्याची सोय. वचनावर बोट ठेवलं की पर्याय येतात. रोमकरांस पत्र ५:३-४ आर. व्ही. मध्ये (बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर) ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा’ असं आहे. ऐकायला सुरेख, पण ‘शील’ म्हटलं की सद्वर्तन डोळ्यांपुढे येतं. मूळ ग्रीक शब्द दोकिमे, म्हणजे कसाला लावून खरं उतरलेलं. त्याच कुळातला शब्द याकोब १:३ आणि १ पेत्र १:७ मध्ये येतो. तिथे याच भाषांतराने ‘पारख’ हा नेमका शब्द वापरलाय. तिन्ही ठिकाणं शेजारी ठेवून वाचली की पौल, याकोब आणि पेत्र एकाच भट्टीबद्दल बोलताहेत हे कळतं. आय. आर. व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, दुसरं मराठी भाषांतर) ताडून पाहण्यापुरतं उघडा; पाठांतराला मात्र आर. व्ही. च बरं, वाक्याला ठेका आहे.

ॲपमध्ये सलग दिवसांची मोजणी आहे, तिच्या नादी लागू नका. दवाखान्यातल्या आठवड्यात ती तुटतेच, आणि मग अपराधी वाटून माणूस वाचनाची योजनाच सोडून देतो. योजनेत राहिलेल्या दिवसांच्या तारखा पुढे ढकलता येतात.

सगळीच भाषांतरं इंटरनेटशिवाय चालत नाहीत. प्रकाशकाने परवानगी दिलेलीच उतरवून घेता येतात. वॉर्डात रेंज नसते, म्हणून हे घरीच तपासा. नाहीतर पिशवीत बायबल सोसायटीची छापील प्रत टाका.