रामबागेतला इंग्लिश क्लास: 'से' आणि 'टेल' एकदाचे कळले

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोनवर असते, चेन्नई-बंगलोरच्या पार्ट्यांशी इंग्लिशच बोलावं लागतं, आणि इतकी वर्षं मी 'सर सेड मी' असंच म्हणत आले. आपल्या इंदूरला दिवसभर कानावर 'मेरे को बोला' पडतं ना, तेच इंग्लिशमध्ये उतरायचं. आधी एका मोठ्या क्लासला तीन महिने घातले, तिथे 'सेड टू'चं 'टोल्ड' करा एवढं पाठ करून घेतलं, का करायचं ते काही नाही.

ह्या मॅडम मराठीच, घरीच शिकवतात. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, 'आई म्हणाली' आणि 'आईने मला सांगितलं', आणि म्हणाल्या बघा, तुमच्याच भाषेत दोन्ही क्रियापदं वेगळी वागतात, एकाला 'ने' लागतो एकाला नाही. जन्मभर मराठी बोलतेय पण हे लक्षातच आलं नव्हतं!

मग इंग्लिश. टेलला 'कोणाला' ते बहुतेक लागतंच आणि अगदी चिकटून, टेल मी, टेल हर. सेला माणूस नसला तरी चालतं, आणि आणायचाच तर टू घालून, ही सेड टू मी. एका मुलाने विचारलं, मॅडम 'मला सांगितलं'मध्येही 'ला' आहे, मग तिथे टू का नाही? त्या म्हणाल्या, 'मला दे'चं काय करतोस? गिव्ह मी. तिथे कुठे टू आहे? टेल त्याच्याच पंगतीतलं. मला तिथेच लख्ख कळलं.

'थांबायला सांगितलं' म्हणजे टोल्ड मी टू वेट. 'मला सांगण्यात आलं' म्हणजे आय वॉज टोल्ड, आय वॉज सेड कधीच नाही, आणि हे मी ईमेलमध्ये कितीदा लिहिलं असेल देव जाणे. खरं सांग, गोष्ट सांग, इथे माणूस नसला तरी टेलच, टेल द ट्रुथ, टेल अ स्टोरी, म्हणजे आपल्यासारखंच. पण खोटं आपण 'बोलतो', इंग्लिशमध्ये तेही टेल अ लाय. आणि आपण गाणं 'म्हणतो' म्हणून से अ साँग नाही, सिंगच. पाटीवर लिहिलंय, चिठ्ठीत लिहिलंय, तिथे से येतं, द बोर्ड सेज, आणि उच्चार सेयझ नाही, सेझ, ह्यावर मॅडम फार कडक आहेत.

कमी काय आहे तेही लिहिते. छापील नोट्स देत नाहीत, सगळं वहीत उतरवावं लागतं. एकाच जोडीवर दोन-दोन दिवस जातात, त्यामुळे ज्यांना महिन्याभरात परीक्षा द्यायचीय त्यांनी दुसरीकडे बघावं. खोली लहान आहे, उशिरा गेलात तर दाराशी बसावं लागतं. पण फोनवर, ऑफिसात रोज बोलायचं असेल तर माझ्याकडून पाचपैकी पाच.

परवा चेन्नईच्या पार्टीला एका दमात म्हटलं, सर टोल्ड मी द ट्रक लेफ्ट ॲट नाइन, आणि कुठे अडखळले नाही.

बॅच संध्याकाळी साडेसातची आहे, गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही.