फ्लॅटमधून डिजिटल मोड: आधी एफटी८, पीएसके३१ की जेएस८?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना आला, कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) मिळालं, रेडिओही घेतला. आता घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून आधी कोणता डिजिटल मोड (रेडिओला कॉम्प्युटर जोडून मजकूर पाठवण्याची पद्धत) धरायचा, असं नवे हॅम मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सुरुवात एफटी८नं करा, पण तिथेच मुक्काम करू नका.

एखादा मोड का गाजतो हे कळायला त्या काळच्या घरात डोकवावं लागतं. आरटीटीवाय या जुन्या टंकसंदेशाच्या मोडला पूर्वी टेलिप्रिंटरचं धूड लागायचं. १९९८ साली पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमनं पीएसके३१ आणला, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरमध्ये साउंड कार्ड येऊन बसलं होतं. रेडिओपासून साउंड कार्डापर्यंत दोन वायरी ओढल्या की थोडक्या वॅटमध्ये जगाशी टाइप करत गप्पा. मग जुलै २०१७ मध्ये एफटी८ आला. तो रचणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी, दुसरे स्टीव्ह फ्रँके. त्या वर्षांत सौरडाग घटत चालले होते, त्यामुळे वरचे बँड (जास्त कंपनसंख्येचे पट्टे) मुके पडत होते आणि शहरातली घरं एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांच्या खरखरीनं भरून गेली होती. अशा घरांची अडचण एफटी८नं सोडवली.

ही खरखर किती, ते सांगतो. मी ठाण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. अँटेना म्हणून बाल्कनीतून दहा मीटरची वायर सोडली आहे. पहाटे २० मीटर बँडवर रेडिओवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा एस३ला असतो, संध्याकाळी दिवे लागले आणि लिफ्टच्या फेऱ्या वाढल्या की एस७ला. एका एस-अंकाला सहा डेसिबल धरले तर खरखरीची शक्ती अडीचशे पट झाली. एवढ्या खरखरीत समोरच्याचा आवाज ऐकू येणं कठीणच. एफटी८ मात्र २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या खरखरीपेक्षा सुमारे २० डेसिबल खालचा, म्हणजे शंभरपट दुबळा सिग्नलही वाचतो. पीएसके३१ची मजल साधारण १० डेसिबलपर्यंतच जाते.

ही ताकद येते कुठून? एफटी८चा संदेश फक्त ७७ बिटांचा. कॉलसाइन, ठिकाणाचा चौकोन (जगाच्या नकाशावरच्या जाळीतल्या घराचं अक्षर-अंकी नाव), सिग्नलचा अहवाल, एवढंच त्यात घट्ट बांधलेलं. त्यावर चुका दुरुस्त करणारे बिट चढवून ते १७४ होतात आणि १२.६४ सेकंदांत सावकाश पाठवले जातात. काय येणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे सॉफ्टवेअर ते खरखरीतून उकरून काढू शकतं. किंमतही तिथेच मोजावी लागते. मनचा मजकूर फक्त १३ अक्षरांचा. रोमन लिपीत ‘जेवण झाले का’ लिहिलं तर मधल्या मोकळ्या जागा धरून बरोबर १३ होतात, प्रश्नचिन्ह बसत नाही.

दुसरं कारण गर्दीचं, आणि मला ते पहिल्याइतकंच मोठं वाटतं. २० मीटरवर सगळे १४.०७४ मेगाहर्ट्झला. तीन किलोहर्ट्झच्या आत कितीतरी स्टेशनं, आणि सॉफ्टवेअर दर १५ सेकंदांनी जमतील तेवढी एकदम वाचून दाखवतं. रात्री अकराला रेडिओ लावला तरी कोणीतरी असतंच, दीड मिनिटात क्यूएसओ (दोन स्टेशनांमधला संपर्क) पुरा. ऑफिस आणि लोकल यांतून अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं. पीएसके३१वर, १४.०७०च्या आसपास, आज पुष्कळदा वाट पाहत बसावं लागतं. पण कोणी भेटलं तर माणूस भेटतो: त्याचं गाव, तिथला पाऊस, त्याची अँटेना. मला स्वतःला तो मोड अजून प्रिय आहे आणि तो विझू नये म्हणून रविवारी मी तिथे हाक देतोच.

आरटीटीवाय स्पर्धांसाठी ठेवा. एफटी४ म्हणजे एफटी८चा साडेसात सेकंदांचा वेगवान भाऊ, तोही स्पर्धेसाठीच. खरखरीत तो एफटी८इतका टिकत नाही.

परवान्यावर डिजिटल प्रकारांची मुभा कशी लिहिली आहे ते आधी वाचा. एफटी८ला कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं. प्रक्षेपण सुरू असताना रेडिओ सलग पूर्ण शक्तीनं चालतो, म्हणून १०० वॅटचा असला तरी ३०-४० वरच ठेवा, आपल्या उकाड्यात तर नक्कीच. पीएसके३१ला उलटी काळजी: ऑडिओ जरा जास्त दिला की सिग्नल फाटतो आणि शेजारच्या स्टेशनांवर सांडतो. चौकोन भरताना ठाणे, वाशी, नेरुळ सगळं एमके६९. पनवेल १९ अंशांच्या खाली असल्यामुळे एमके६८.

गप्पाही हव्यात आणि खरखरही पाठ सोडत नाही, तर तिसरा पर्याय जेएस८. जॉर्डन शेरर यांनी २०१८ मध्ये एफटी८च्याच पायावर तो उभा केला. मजकूर हवा तेवढा लांब, तुकड्यातुकड्यानं जातो. वेग कमी, माणसंही कमी, पण ओळखीचे दोघंतिघं एका वेळी ७.०७८ला यायचं ठरवलं की जम बसतो. समोरचा जागेवर नसला तर त्याच्या चालू स्टेशनवर निरोप ठेवता येतो. मागच्या आठवड्यात ऑफिसातून घरी आलो तर नेरुळच्या मित्राचा निरोप वाट पाहत होता: ‘जेवण झाले का?’ प्रश्नचिन्हासकट.