बर्नाबेउचं अवे तिकीट आणि आमचे २,१५,७०० रुपये

दोन लाख पंधरा हजार सातशे रुपये, तिघांचे मिळून. माद्रिदच्या बर्नाबेउ स्टेडियमवरचा फुटबॉल सामना पाहायला म्हणून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका एजंटला दिले आणि बुडाले. तिकिटांचे १,४५,५०० म्हणजे माणशी ४८,५००, माद्रिदमधल्या तीन रात्रींच्या हॉटेलचे ६१,२००, आणि ‘तिकीट कलेक्शन चार्ज’ या नावाखाली माणशी ३,००० प्रमाणे ९,०००. विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती आणि शेंगेन व्हिसा तिघांच्याही पासपोर्टवर आधीपासून होता, म्हणून तेवढं वाचलं. ज्यांनी याच माणसाकडून व्हिसासकट सगळं पॅकेज घेतलं ते आमच्याहून जास्त बुडाले आहेत आणि लाजेपोटी गप्प बसले आहेत. लाज आम्हालाही वाटते. पण गप्प बसलो तर पुढच्या मोसमात हाच माणूस याच ग्रुपवर नवी गिऱ्हाइकं धरणार, म्हणून लिहितोय.

सामना होता १६ एप्रिल २०२५चा, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, रेयाल माद्रिद विरुद्ध आर्सेनल, परतीची लढत. जोडी पक्की झाली १२ मार्चच्या रात्री. आर्सेनलने पीएसव्हीला बाहेर काढलं आणि रेयालने ॲटलेटिकोला पेनल्टीवर. तिथून सामन्यापर्यंत फक्त ३५ दिवस. ही घाईच या धंद्याचं भांडवल असते. शेंगेन व्हिसाच्या निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस लागतात, प्रकरण अडलं तर ४५ पर्यंत जातात, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळवायची असते ती वेगळीच. ३५ दिवसांत ‘व्हिसा गॅरंटीड’ म्हणणारा माणूस तिथेच खोटा ठरतो. व्हिसा देणं न देणं दूतावासाच्या हातात असतं, एजंटच्या नाही.

आता अवे तिकिटाचं, म्हणजे पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठीच्या तिकिटाचं, गणित. ते माहीत असूनही आम्ही फसलो, म्हणून जास्त जिव्हारी लागलंय. पाहुण्या संघाला यूएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, नियमाने स्टेडियमच्या क्षमतेच्या ५ टक्के जागा मिळतात. २०२४-२५ च्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अवे तिकिटाला ६० युरोची कमाल मर्यादा होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेसहा हजारांच्या आसपास. पुढच्या मोसमासाठी ती ५० युरोवर आणली. ही तिकिटं इंग्लिश क्लब आपल्या सदस्यांना विकतात, आणि तीही आधी किती अवे सामन्यांना हजेरी लावली त्या क्रमाने. ठाण्यात बसून आर्सेनलची साधी ‘रेड’ मेंबरशिप घेतलेल्या माणसाचा नंबर त्यात लागणार नाही. परदेशातल्या मान्यताप्राप्त सपोर्टर्स क्लबांना मिळणारा कोटा बहुतेक घरच्या मैदानावरच्या सामन्यांचा असतो. युरोपातल्या सामन्यांसाठी कित्येकदा तिकीट त्याच शहरात, पासपोर्ट दाखवून, स्वतः घ्यावं लागतं. म्हणजे ‘कुणाच्या तरी नावावरचं’ अवे तिकीट विकत मिळालं तरी ते हातात पडेलच असं नाही. शिवाय इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४च्या कायद्याच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे. त्यामुळे तिकडचा खरा तिकीटवाला, असलाच तर, तुमच्या बाजूने साक्ष द्यायला कधीही उभा राहत नाही.

मग विश्वास ठेवला कशावर? या माणसाने आधी दोनदा खरी तिकिटं दिली होती. ग्रुपमधल्या चौघांनी त्याच्यामार्फत लंडनला जाऊन सामने पाहिले होते, फोटो होते, ते चौघे आमच्या ओळखीचे होते. अनोळखी लिंकवर टिचकी मारून पैसे घालवलेली माणसं आम्ही नाही. दोन वर्षं लहान कामं चोख करून नाव कमवायचं आणि मोठ्या सामन्याला सगळ्यांचे एकदम उचलायचे, ही त्याची पद्धत आम्हाला नंतर कळली. म्हणून ‘मागच्या वेळी आमचं काम झालं होतं’ ही शिफारस पैशाच्या बाबतीत धरू नका. मागच्या वेळी पणाला किती होतं, तेवढं विचारा.

पैसे तीन हप्त्यांत गेले. १४ मार्चला, धुळवडीच्या दिवशी, ५०,००० आयएमपीएसने. २२ मार्चला १,००,००० यूपीआयने, कारण यूपीआयची दिवसाची मर्यादा तेवढीच. ९ एप्रिलला उरलेले ६५,७००. तिन्ही वेळा खातं वेगळं आणि खातेदाराचं नावही वेगळं. दुसऱ्या वेळी पैसे पाठवण्याआधी ॲपवर एका ट्रेडर्सचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “भावाचं खातं आहे, जीएसटीसाठी तिथे घेतो.” क्रेडिट कार्डने देतो म्हटलं तर म्हणाला, ३ टक्के जास्त पडतील. २,१५,७०० वर ३ टक्के म्हणजे ६,४७१ रुपये. तेवढे वाचवले आणि चार्जबॅकचा हक्क घालवला. कार्डाने दिलेल्या पैशांबाबत ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून साधारण १२० दिवसांच्या आत बँकेमार्फत वाद उभा करता येतो. यूपीआय आणि आयएमपीएसला ती सोय नाही. परदेशातल्या सामन्याचे पैसे कार्डानेच द्या, आणि समोरचा कार्ड घेत नसेल तर व्यवहार करू नका.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते.

५ एप्रिलला त्याने तिघांची तिकिटं पीडीएफमध्ये पाठवली. वर दोन्ही क्लबांची चिन्हं, मध्ये सेक्टर, रांग, आसन, खाली क्यूआर. आणि उजव्या कोपऱ्यात तारखेखाली वेळ छापलेली: २०:००. सामना माद्रिदमध्ये रात्री ९ ला सुरू होणार होता. लंडनमध्ये तेव्हा ८ वाजलेले असतात, कारण स्पेन एक तास पुढे आहे. माद्रिदच्या स्टेडियमच्या तिकिटावर माद्रिदचीच वेळ येणार, लंडनची येऊच शकत नाही. बनावट तिकीट करणाऱ्याने ब्रिटिश वेबसाइटवरून वेळ उचलली आणि तशीच चिकटवली, एवढा साधा पुरावा समोर होता. आमच्यातल्या एकाने तो पाहिला. मोठ्याने बोललाही, “अरे, हे आठ कसं?” आणि दुसऱ्याने उत्तर दिलं की तिकीट आर्सेनलने दिलंय म्हणून लंडनची वेळ असेल. तिघांनी मान डोलावली आणि विषय संपला. सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला आहे हे तिघांना पाठ होतं. त्यातून साडेतीन तास वजा केले तरी ९ येतात. ते आम्ही केलं नाही. त्यानंतर चार दिवसांनी ६५,७०० रुपये पाठवले. ते ६५,७०० तरी वाचले असते.

त्याच पीडीएफच्या जोडीला आलेल्या वेळापत्रकात ‘रात्री ११.१५, हॉटेलवर परत’ असं होतं. स्पेनमध्ये पाहुण्या प्रेक्षकांना सामना संपल्यावर बराच वेळ स्टँडमध्येच थांबवून ठेवतात, यजमानांची गर्दी पांगेपर्यंत. ९ चा सामना पावणेअकराच्या पुढे संपतो. अवे स्टँडमधून सव्वाअकराला कुणी हॉटेलवर पोचत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं अवे सामने करवतो त्याला हे ठाऊक असतंच. म्हणून आयोजकाला असे प्रश्न विचारा: सामन्यानंतर किती वेळ थांबावं लागेल, पाहुण्यांचं गेट कोणत्या बाजूला आहे, तिकीट कुठे आणि कुणाच्या ओळखपत्रावर मिळेल. उत्तर गोलमोल आलं की पैसे थांबवा. पीडीएफ आणि क्यूआर हा पुरावा धरू नका. एक पीडीएफ दहा जणांना पाठवता येतं, गेटवर क्यूआर एकदाच चालतो.

हॉटेलची युक्ती जास्त पोचलेली आहे. बुकिंग खरं होतं. आम्ही हॉटेलला मेल करून विचारलंही होतं, त्यांनी हो, तुमच्या नावाने खोली आहे, असं कळवलं. पण ते बुकिंग त्याच्या खात्यातून, ‘पैसे हॉटेलवर द्या, रद्द करणं मोफत’ या प्रकारचं होतं. मोफत रद्द करायची मुदत होती १३ एप्रिल. त्याने १३ एप्रिललाच ते रद्द केलं. आम्ही १५ ला काउंटरवर उभे राहिलो तेव्हा मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. आमचं नाव, खोलीचा प्रकार, आणि शेजारी ‘कान्सेलादा’. नव्या खोलीला तीन रात्रींचे ४४४ युरो मोजले. हॉटेलला विचारताना खोली आहे का एवढं विचारून भागत नाही. पैसे भरलेत का, रद्द करण्याची मुदत कधी संपते आणि ते कोण करू शकतं, हेही विचारा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

पॅकेजवाल्यांना विमानाच्या बाबतीत हाच हात दाखवला. सहा अक्षरांचा पीएनआर एअरलाइनच्या साइटवर दिसतो म्हणून लोक निर्धास्त होतात. पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण, पैसे न भरताही काही काळ धरून ठेवता येतं. तिकीट निघालं की १३ आकडी तिकीट क्रमांक येतो. तो नसेल तर तिकीट नाही.

स्टेडियमला आम्ही मेट्रोच्या १० नंबर लाइनने गेलो, स्टेशन दारातच आहे. गेटच्या बरंच आधी पोलिसांचं कडं असतं, तिथे तिकीट पाहतात. तिथून सुटलो, गेटवर स्कॅनरने तिन्ही नाकारली. कर्मचाऱ्याने तीन फोन शेजारी धरून दाखवलं: आसनं वेगळी, पण क्यूआरखालचा आकडा तिघांचा एकच. साका आणि मार्टिनेलीचे गोल आम्ही बारमधल्या टीव्हीवर पाहिले. आर्सेनल २-१ ने जिंकलं.

तक्रारीची कथा मूळ फसवणुकीपेक्षा जास्त संतापजनक आहे. माद्रिदमध्ये पोलिसांनी दोन तासांत ‘देनुन्सिया’, म्हणजे तक्रार, लिहून शिक्क्याची प्रत दिली. आपल्याकडचा सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा हेल्पलाइन क्रमांक परदेशी नेटवर्कवरून लागेना. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तिथूनही तक्रार करता येते हे तेव्हा सुचलं नाही, आणि आम्ही १९ ला परत आल्यावर फोन केला. तीन दिवस तिथेच गेले. तुम्ही असं करू नका. घरच्या माणसाला उठवा आणि त्याच रात्री १९३० ला फोन करायला लावा. व्यवहाराचे १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो.

मग आमच्या हद्दीतलं पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी ऐकलं, “सामना माद्रिदला होता ना, मग गुन्हा तिकडे.” दुसऱ्या फेरीत, “तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले, हॅकिंग कुठे झालं? हा दिवाणी मामला.” तिसऱ्या फेरीत साहेब बंदोबस्तावर. चौथ्या फेरीत एका हवालदाराने आमच्याकडेच बोट दाखवलं, “ब्लॅकचं तिकीट घेता आणि आमच्याकडे येता?” पाच फेऱ्या, तिघांच्या कामाच्या सुट्ट्या, दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि हातात फक्त अर्जाची पोच. बँकेने चार ओळींचं पत्र दिलं की व्यवहार ग्राहकानेच अधिकृत केला, सबब आमची जबाबदारी नाही. तो ट्रेडर्स कोण, त्याचं खातं कुणी तपासून उघडलं, याचं उत्तर गोपनीयतेच्या नावाखाली नाही. आमच्या पैशांना गोपनीयता नव्हती, चोराच्या खात्याला आहे!

पोलीस ठाण्यातलं हे सगळं बेकायदा बोलणं आहे, हे आम्हाला वकिलाकडून कळलं. इलेक्ट्रॉनिक संदेशांतून केलेल्या फसवणुकीचा गुन्हा, जिथून संदेश गेले किंवा जिथे ते मिळाले, तिथे चालवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०२ तेच सांगतं. पैसे ठाण्यातून गेले, संदेश ठाण्यात आले. हद्द कुठलीही असो, कलम १७३ प्रमाणे माहिती नोंदवून घ्यावीच लागते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदवून घेत नसतील तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, पोलीस आयुक्तालयात उपायुक्तांकडे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आम्ही हे केलं तेव्हा गुन्हा नोंदला गेला. तोवर पैसे तिसऱ्या खात्यापर्यंत पोचले होते. गोठवलेली रक्कम निघाली ११,३४०. तीही तेव्हा कोर्टाच्या आदेशाशिवाय परत मिळत नव्हती, त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागत होता. तो केला आहे, तारीख पडते आहे.

बँकेकडे लेखी तक्रार दिल्यावर ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण त्यासाठी समोरच्याचा खरा पत्ता लागतो. पहिला हप्ता देण्याआधी पत्ता, पॅन आणि बिल मागा. आम्ही मागितलं नव्हतं.

व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, ग्रुप सोडू नका. सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. तो माणूस ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करत सुटला होता, आमच्याकडे स्क्रीनशॉट उरले म्हणून वाचलो. आणि ज्यांचे पैसे याच पद्धतीने २२ मार्चच्या आसपास ट्रेडर्सच्या खात्यात गेले, त्यांनी आपापल्या हद्दीत स्वतंत्र तक्रार नोंदवा. आमच्या तक्रारीत नाव जोडून घ्या असं सांगून चालत नाही, तेही आम्ही विचारून पाहिलंय. पोच क्रमांक मिळाला की तपास अधिकाऱ्याला एकमेकांचे क्रमांक लेखी कळवा, म्हणजे तिन्ही खात्यांची साखळी एका कागदावर येईल.